मेहनत अंगी कधी लागते?



  

खाशाबा जाधवांची कहाणी या सभागृहात नव्याने सांगायला नको. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकून आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या कहाणीतला एक प्रसंग मात्र आपण 'नशीब' म्हणून सांगतो आणि पुढे जातो. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची झुंज दमछाक होईतो लांबली. ती गमावल्यावर त्यांना लगोलग सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोवशी लढायला बोलावले गेले. नियमाने मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला आपल्या पथकातले कुणी तिथे हजर नव्हते, असे सांगितले जाते. इशीला सुवर्ण मिळाले, ममादबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य.

हा प्रसंग मला नशिबाचा वाटत नाही. खेळाडूच्या विश्रांतीचा हिशेब ठेवणारे माणूस त्याच्या पाठीशी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि सत्तरहून अधिक वर्षांनंतरही आपल्या असंख्य तालमींत, अकादम्यांत, भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्रांत ते माणूस नाही. मेहनत किती झाली हे सगळे मोजतात. ती अंगी किती लागली, हे फार थोडे पाहतात. आज मला एवढ्याच एका गोष्टीवर बोलायचे आहे.

ताकद वाढते कशी, हे आधी पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण लष्करी डॉक्टर होता. लहानपणी संधिवाताच्या तापाने तो अंथरुणाला खिळला होता आणि नंतर वजने उचलून त्याने आपले शरीर कमावले होते. त्याच्या वॉर्डात गुडघ्याला जखमा झालेले सैनिक महिनोन्‌महिने पडून असत. हलक्या वजनाने पुष्कळ वेळा पाय हलवायचा, ही तेव्हाची रूढ उपचारपद्धत. डीलॉर्मने उलटे केले. पायाला लोखंडी बूट बांधून त्याने वजन भरपूर वाढवले आणि दर आठवड्याला ते चढवत नेले. माणसे भराभर उभी राहू लागली. १९४५ साली त्याने हे अनुभव प्रसिद्ध केले. आज जगातल्या प्रत्येक जिममध्ये 'तीन सेट, दहा रेप' असा जो मंत्र ऐकू येतो, त्याचे मूळ तिथे आहे.

या हकिकतीचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. डीलॉर्म सुरुवातीला रुग्णांकडून एका बैठकीत ७० ते १०० वेळा वजन उचलून घेत असे. पुढे त्याच्या लक्षात आले की एवढ्याची गरज नाही. १९४८ साली त्याने आणि वॉटकिन्सने जी पद्धत मांडली, तीत फक्त तीन सेट उरले. जे वजन दहाच वेळा उचलता येते, त्याच्या निम्म्याने पहिला सेट, पाऊणपटीने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा. म्हणजे भार वाढवण्याचे तत्त्व ज्याने शास्त्रात आणले, त्यानेच अवघ्या तीन वर्षांत कामाची मात्रा घटवली.

आता आपल्या तालमीकडे वळू. मी तालमीचा अभिमानी आहे आणि तो अभिमान आंधळा नाही. जोर मारताना खांदे, छाती, कंबर आणि पाठ एकाच लयीत काम करतात. मल्लखांबाने पकड आणि पोट जसे तयार होते, तसे यंत्रावर बसून होत नाही. हौदा खणताना पाय, कंबर आणि हात जमिनीशी झटतात. करेला फिरवून खांदा सगळ्या दिशांनी मोकळा होतो. मान कमावण्याचे जे व्यायाम आपल्याकडे पूर्वापार आहेत, त्यांची आठवण रग्बीच्या जगाला आता कुठे होते आहे. शिवाय तालमीला ऋतूचे भान होते. पावसाळ्यात मैदाने बंद, तेव्हा मेहनतीवर भर. दिवाळीनंतर मैदाने सुरू झाली की लढतींचा सराव जास्त. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रांत कस लागायचा. १९६०च्या दशकात लेव मात्वेयेव या रशियन अभ्यासकाने वर्षाचे टप्पे पाडून प्रशिक्षणाची जी आखणी ग्रंथरूपाने मांडली, तिच्यातला मूळ विचार आपल्या पंचांगात होता.

उणीव आहे ती आकड्यात. तालमीत प्रगती मोजली जाते ती संख्येने. पाचशे बैठकांच्या सातशे झाल्या, सातशेच्या हजार झाल्या की पोरगा तयार झाला. पण स्नायूचा हिशेब वेगळा आहे. जी हालचाल तुम्ही हजार वेळा करू शकता, ती तुमच्या कमाल ताकदीच्या मानाने अगदी हलकी असते. तिने दमसास वाढतो, चिवटपणा येतो, सांधे सरावतात. या गोष्टी हव्यातच. पण समोरच्या ऐंशी किलोच्या गड्याला उचलून टाकायला जी ताकद एका क्षणात लागते, ती हजाराव्या बैठकीतून येत नाही. स्नायूतले सर्वांत बलवान तंतू मेंदू राखून ठेवतो आणि भार खरोखर जड असेल किंवा हालचाल कमालीच्या वेगाने करायची असेल तेव्हाच त्यांना कामाला बोलावतो. त्यांना रोज हाक मारली नाही तरी चालते. आठवड्यातून दोन-तीनदा मारावी, पण ती जोरात मारावी. एका वेळी जास्तीत जास्त जेवढे उचलता येते, त्याच्या ८० ते ९० टक्के वजन, तीन ते पाच वेळा, मध्ये तीन मिनिटे थांबून. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की त्या दिवशीचे ताकदीचे काम संपले. बघणाऱ्याला वाटते, पोरगा आळशी आहे, अर्धा वेळ नुसता उभा असतो. पण त्या उभे राहण्यातच पुढची फेरी जड वजनाने मारण्याची सोय असते.

ताकद म्हणजे दंडाची जाडी नव्हे, हे तरुणांनी विशेष ध्यानात घ्यावे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती बहुतेक मज्जासंस्थेच्या शिकण्याने वाढते. स्नायूचा आकार मागाहून येतो. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक घेतले, तेव्हा त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो उचलले. गटाच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट भार डोक्यावर! रस्त्याने जाताना या मुलाकडे पाहून कुणी त्याला पैलवान म्हणणार नाही.

इथे एक शंका हमखास येते, की आम्ही तर धावपटू, आम्हाला वजने कशाला? बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेची शर्यत आठवा. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच असतो. दमलेल्या शरीराने पस्तीस वेळा हवेतून उतरायचे आणि उतरता उतरता पुढचे पाऊल टाकायचे. अविनाशने २०२४ साली पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. असे धावणे नुसत्या फुप्फुसांवर होत नाही. जड वजनाचा थोडा पण नेमका सराव केलेल्या धावपटूला त्याच वेगासाठी कमी प्राणवायू लागतो, हे लांब पल्ल्याच्या धावकांवरील अभ्यासांत वारंवार दिसले आहे.

वेगाच्या खेळांत आणखी एक अडचण आहे. पूर्ण वेगात धावणाऱ्याचा पाय जमिनीला सुमारे एक दशांश सेकंद टेकतो. स्नायूला आपला सगळा जोर उभा करायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणजे जोर असून भागत नाही, तो त्या एवढ्याशा वेळात बाहेर यायला हवा. यासाठी युरी वेर्खोशान्स्कीने सोव्हिएत खेळाडूंना उंचावरून उतरून तत्क्षणी उसळी घ्यायला लावली, आणि त्यातून आज ज्याला प्लायोमेट्रिक्स म्हणतात तो व्यायामप्रकार वाढला. आपल्या खो-खोत मुले खांबाशी वळतात, कबड्डीत चढाईवाला मध्यरेषेकडे झेपावतो, तेव्हा हेच घडत असते. पण उड्या नीट कमावलेल्या पायांनीच माराव्यात आणि मोजून माराव्यात. ज्याला स्वतःच्या वजनाची एक सावकाश, खोल, सरळ बैठक नीट काढता येत नाही, त्याला खोक्यावरून उडी मारायला लावणे हा त्याच्या गुडघ्यावरचा अन्याय आहे.

गुडघ्याचा विषय निघालाच आहे तर मुलींविषयी बोलतो, कारण तिथे आपण फार मागे आहोत. वळणे, थांबणे, उडी मारून उतरणे असलेल्या खेळांत गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून अधिक आढळते. हे टाळता येते. २००८ साली नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरावाआधी वीस मिनिटे धावणे, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, उडी मारून गुडघा आत न झुकवता उतरणे, एवढाच तो कार्यक्रम. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. याला यंत्र लागत नाही, गादी लागत नाही, पैसा लागत नाही. जोडीदाराने घोटे धरायचे आणि गुडघ्यांवर उभे राहून सावकाश पुढे झुकत जायचे, हा एक व्यायाम नियमाने केला तरी मांडीचा मागचा स्नायू फाटण्याचा धोका निम्म्याने कमी होतो. आपल्या जिल्ह्यातल्या किती शाळांत तो रोज होतो, याचे उत्तर इथे बसलेल्या प्रत्येक शिक्षकाने स्वतःला द्यावे. आणि खेळणाऱ्या मुलीची पाळी महिनोन्‌महिने बंद झाली, तर ती कडक मेहनतीची खूण मानू नका. तिला बहुधा पुरेसे अन्न मिळत नाही, आणि तिची हाडे त्याची किंमत मोजत आहेत. तिला डॉक्टरकडे न्या.

लहान वयात वजने उचलली तर उंची खुंटते, ही समजूत घराघरांत आहे. योग्य देखरेखीखाली, बेताच्या वजनाने केलेल्या सरावाने वाढ खुंटल्याचा पुरावा नाही. मुलांना खरा धोका असतो तो देखरेख नसण्याचा आणि एकमेकांशी पैज लावून उचलण्याचा.

आता भरतीच्या मुलांकडे येतो, कारण ती संख्येने सर्वांत जास्त आहेत आणि त्यांच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. पहाटे कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर जा, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. जून २०१४ मध्ये मुंबईत भरतीच्या वेळी पाच किलोमीटर धावताना उमेदवारांचे मृत्यू झाले होते. त्यानंतर अंतर कमी केले गेले. पण तयारीची रीत बदलली नाही. रोज डांबरावर, रोज जीव तोडून, एकाच वेगाने. महिन्याभरात नडगी दुखू लागते, दुखत्या नडगीला पट्टी बांधून पुन्हा धावणे, आणि शेवटी हाडाला चीर. १६०० मीटरच्या शर्यतीसाठी आठवड्यातले बहुतेक धावणे सोबत्याशी बोलता येईल इतके संथ असावे, दोनच दिवस वेगाचे, आणि निदान एक दिवस पूर्ण सुटीचा.

याच मुलांकडून धावणे आणि वजन दोन्ही एकाच सकाळी पिळून घेतले जाते. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी अभ्यासकाने १९८० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा आठवडे एका गटाने फक्त ताकदीचा सराव केला, दुसऱ्याने फक्त दमाचा, तिसऱ्याने दोन्ही पुऱ्या मात्रेने. तिसऱ्या गटाची ताकद सहा-सात आठवडे वाढली, मग थांबली आणि अखेरीस उतरू लागली. मेहनत त्यांची सर्वांत जास्त होती. म्हणून दोन्ही करावे लागत असेल, तर सकाळ-संध्याकाळ वेगळे करा, आणि ज्या महिन्यात एक वाढवायचे त्या महिन्यात दुसरे नुसते टिकवून धरा.

शरीराचे बांधकाम सरावात होत नाही, सरावानंतर होते. जड सत्रानंतर स्नायूंत नवी प्रथिने बसवण्याचे काम २४ ते ४८ तास जोमाने चालू असते. त्याला झोप लागते आणि सामग्री लागते. ताकदीचा सराव करणाऱ्याने दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे आजचे अभ्यास सांगतात. साठ किलोच्या मुलाला हे ९५ ग्रॅमच्या आसपास होते. अर्धा लिटर दुधातून १६, चार अंड्यांतून २४, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांतून २५, आणि उरलेले भाकरी-आमटीतून. हे सगळे आठवडी बाजारात मिळते. परदेशी डब्यातल्या पावडरीसाठी बापाने कर्ज काढू नये.

दोन गोष्टी कठोरपणे सांगायच्या आहेत. पहिली, शिक्षा म्हणून व्यायाम देणे बंद करा. उशीर झाला, मार पाचशे बैठका. हरलास, मार हजार. सवय नसताना एकाच वेळी इतक्या बैठका काढल्या तर मांडीचे स्नायू अक्षरशः विरघळू लागतात आणि त्यांतले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पडू शकतात. लघवी काळपट, कोऱ्या चहासारखी दिसली तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे. दुसरी गोष्ट वजन उतरवण्याची. १९९७च्या अखेरीस अमेरिकेत महिन्याभराच्या अवधीत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना मरण पावले. उष्ण खोलीत, घाम न मुरणारे कपडे घालून, पाणी तोडून ते व्यायाम करत होते. तिथले नियम लगेच बदलले. पॅरिसला २०२४ साली विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोच्या वर शंभर ग्रॅम भरली आणि अपात्र ठरली, तेव्हा आपण सगळे हळहळलो. त्या रात्री तिने शरीराला काय काय सोसायला लावले असेल, ते आठवून आपल्या गावच्या चौदा वर्षांच्या मल्लाला उपाशी ठेवणे तरी थांबवूया. वाढत्या वयाच्या मुलाला वरच्या गटात खेळवा.

मग विश्रांतीचा हिशेब ठेवायचा कसा? प्रयोगशाळा लागेल, घड्याळाएवढी यंत्रे लागतील, असे कुणी समजू नये. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव आकड्यात सांगण्याची रीत बसवली. तिच्या आधारे अमेरिकेच्या कार्ल फॉस्टर यांनी सोपी युक्ती काढली. सराव संपून अर्धा तास झाला की खेळाडूला विचारायचे, शून्य ते दहामध्ये आजचे काम किती जड गेले? तो म्हणाला सहा, आणि सराव ९० मिनिटांचा होता, तर त्या दिवसाचा भार ५४०. आठवड्याची बेरीज करायची. समजा, कबड्डीच्या एखाद्या मुलाची बेरीज दर आठवड्याला १८०० च्या आसपास असते आणि निवड शिबिराच्या आठवड्यात ती ४००० होणार आहे, तर दुखापत कुठे दबा धरून बसली आहे ते आधीच दिसते. शिबिरापूर्वी तीन-चार आठवडे थोडे थोडे चढवत न्यायचे, आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम उतरवायचे. सोबत तीन प्रश्न रोज विचारायचे आणि उत्तरे वहीत लिहायची. झोप किती झाली, अंग कितपत दुखते, आज यावेसे वाटले का? तिन्हींची उत्तरे सलग चार दिवस वाईट आली, तर चौथ्या दिवशी सराव निम्मा करायचा. उत्तर खरे द्यायला मूल घाबरत असेल, तर वही कोरी असल्यासारखीच.

वहीत लिहिण्याची ही गोष्ट आपल्याला नवी नाही. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्यात बसून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. व्यायामाचे लिहून ठेवण्याची परंपरा आपली आहे. ती ग्रंथालयात राहिली, आखाड्यात उतरली नाही.

म्हणून इथे बसलेल्या प्रत्येक वस्तादाला, क्रीडाशिक्षकाला आणि अकादमी चालवणाऱ्याला माझी हात जोडून विनंती आहे. उद्या सकाळी प्रत्येक मुलाच्या नावाने दोनशे पानी वही घाला. तीत उचललेले वजन लिहा, धावलेले अंतर लिहा, झोप लिहा, दुखणे लिहा, आणि सुटीचा वार सरावाच्या वारांआधी लिहा. जिल्हा क्रीडा अधिकारी आज उपस्थित आहेत. स्पर्धेच्या प्रवेशअर्जासोबत ही वही मागण्याचा नियम त्यांनी येत्या हंगामापासून करावा.